कॅसेट गेली, सीडी गेली. आता पेन ड्राइव्हच्या भरवशावर?

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटचे ढीग विकले जात. पुढे कॅसेटची जागा सीडीने घेतली, सीडीची पेन ड्राइव्हने, आणि आता तर सगळे मोबाइलमध्येच आले. बाजारात विकल्या गेलेल्या गाण्यांची फारशी काळजी नाही, ती हजारो घरांत पोचली आहेत. काळजी आहे ती ज्याची एकच प्रत आहे त्याची. वस्तीतल्या गायन पार्टीच्या सामन्यात कुणीतरी टेपरेकॉर्डर पुढे ठेवून भरलेली कॅसेट, नामांतराच्या मोर्चाची व्हिडिओ कॅसेट, शाखेची इतिवृत्ताची वही, बंद पडलेल्या साप्ताहिकाची फाईल, आजोबांचा शाळेचा दाखला. हे सरकारी दप्तरात सापडेल या भ्रमात कुणी राहू नये. आपला इतिहास लिहून ठेवण्याची गरज व्यवस्थेला कधीच वाटली नाही.

कागद हरवला म्हणजे काय हरवते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड काढले. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. पण अप्रकाशित लेखनाचे खंड उघडून पाहावेत, अमुक प्रकरण अपूर्ण आहे, अमुक पाने मिळाली नाहीत, अशा संपादकीय नोंदी तिथे भेटतात. महामानवाच्या हस्तलिखितांची ही गत, तर शाखेच्या वहीचे काय?

आज अनेक कार्यकर्ते सांगतात, "आम्ही सगळे सीडीवर घेऊन ठेवले आहे." इथेच थांबून विचार केला पाहिजे. कारखान्यात छापलेली गाण्यांची सीडी आणि आपण संगणकावर भरलेली सीडी दिसायला सारखी, पण जात वेगळी. छापील सीडीत माहिती प्लास्टिकमध्ये ठशासारखी उमटवलेली असते. घरी भरलेल्या सीडीत एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो, लेसरने तो जाळून खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा रंग विटतो. शिवाय सीडीचा हा थर लेबलाच्या बाजूला अगदी वर असतो, त्यावर फक्त वार्निशचा हात. तिथे बॉलपेनने नाव लिहिले किंवा स्टिकर चिकटवला की घाव थेट माहितीवर. जाहिरातीत शंभर वर्षे सांगितली होती, पण ती पत्र्याखालच्या खोलीसाठी नव्हती. २००० नंतरच्या दशकात भरलेल्या सीडी ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या आजच लावून पाहाव्यात.

पेन ड्राइव्ह त्याहून फसवा. त्याच्या चिपमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात कोंडलेली असते आणि हा भार हळूहळू गळतो. संगणकात हल्ली बसवतात त्या एसएसडीचेही तेच. या धंद्याच्या मानकानुसार साध्या एसएसडीने, तिची लिहिण्याची क्षमता संपत आलेली असताना, वीज न देता ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरून ठेवली तरी पुरे. नवी असेल तर पुष्कळ जास्त टिकते, हे खरे. पण विदर्भातल्या मे महिन्यात ट्रंकेत तापमान किती असते? गर्मी वाढली की गळती वाढते. पेन ड्राइव्ह निरोप पोचवायला चांगला, ठेवा म्हणून निरुपयोगी.

मग उरते काय? सामान्य माणसाच्या आवाक्यात आज सर्वांत उपयोगी पडते ती बाहेरून जोडायची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. तीही अमर नाही. तिच्यात मोटर आहे, ती पडली तर मरते आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली तर सुरू होईलच असे नाही. म्हणून एक नव्हे, दोन घ्याव्यात, त्याही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींत येणार नाही. वर्षातून एकदा त्या लावून फाईली उघडून पाहाव्यात आणि पाच-सहा वर्षांनी सर्व माल नव्या डिस्कवर हलवावा. चौदा एप्रिलच्या तयारीत हे काम सहज बसते.

सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा थर असलेली 'एम-डिस्क' नावाची तबकडीही निघाली. हजार वर्षांचा दावा बाजूला ठेवला तरी ती साध्या सीडीपेक्षा टिकाऊ आहे. पण ती वाचायचे यंत्र? सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये भरता येणाऱ्या ब्ल्यू-रे तबकड्या बनवणे थांबवले, आणि नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पाच नसतो. तबकडी शाबूत आणि यंत्र भंगारात, असे होऊ शकते. इंग्लंडमध्ये झालेच आहे. १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक' या जमीन-नोंदींच्या ग्रंथाला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये लाखो लोकांकडून देशाची माहिती गोळा करून ती मोठ्या लेझर तबकड्यांवर भरली. सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना ती माहिती सोडवून आणावी लागली. मूळ चर्मपत्रावरचा ग्रंथ मात्र आजही डोळ्यांनी वाचता येतो!

मोठ्या संस्था चुंबकीय फितीवर, 'एलटीओ' काडतुसांवर, माहिती ठेवतात. फीत तीस वर्षे टिकते असे सांगतात, पण तिचे यंत्र लाखांच्या घरात जाते. आपल्या शिक्षणसंस्थांनी एकत्र येऊन ते घ्यायला काय हरकत आहे? इमारतींना देणग्या मिळतात, यालाही मिळतील.

आणखी एक दुखणे आपल्या भाषेचे आहे. पंचवीस वर्षांपूर्वी चळवळीची नियतकालिके, स्मरणिका, पत्रके पेजमेकरमध्ये श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टमध्ये जुळवली गेली. ती फाईल आज उघडली तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. फाईल जिवंत, मजकूर मेलेला. फॉन्ट असलेला जुना संगणक चालू आहे तोवर त्या फाईलींची पीडीएफ करून घ्यावी आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलावा. अंक छापील असेल तर तोही स्कॅन करून ठेवावा.

स्कॅन केले म्हणून कागद टाकू नये. जात पडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि मोबाइलमधला फोटो हा मूळ दाखल्याला पर्याय होत नाही. नातवंडांची नोकरी त्या पिवळ्या कागदावर अडलेली असते. मायेपोटी पुष्कळ जण असा दाखला लॅमिनेट करतात. तसे करू नये, उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. साध्या सुती कागदाच्या पाकिटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवावा. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईतल्या वस्त्यांनी काय गमावले ते आठवावे. म्हणूनच एक डिस्क आपल्या घरी, तर दुसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे हवी, शेजारच्या चाळीत ठेवून उपयोग नाही. डिस्कबरोबर छापील यादीही ठेवावी: कोणती सभा, कोणते साल, कोण गाते आहे. नाव न लिहिलेला आवाज पुढच्या पिढीला ओळखता येणार नाही.

सर्वांत आधी हात घालायचा तो कॅसेटला. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. चालू यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर, दोघेही आता मोजकेच आहेत. फितीवर बुरशी दिसली तर ती तशीच यंत्रात घालू नये, फीत तुटते आणि यंत्राचे डोकेही खराब होते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. कॅसेटवरचा आवाज उतरवताना एमपी३ मध्ये आवळू नये, पूर्ण वेव्ह फाईल ठेवावी, वाटायला एमपी३ वेगळी करावी. ज्या गायकाचा आवाज तीत आहे तो हयात असेल तर कॅसेट वाजवताना त्यालाही बोलवावे. पुसट झालेले शब्द तोच सांगू शकेल.