दुनळीवरचं नाव कोणाचं?

जुनी ब्रिटिश दुनळी हाती आली की पाहणाऱ्याची नजर आधी दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर जाते. तिथे सुरेख कोरीव अक्षरांत एक नाव असतं आणि पुढे लंडनचा, एडिंबराचा किंवा कलकत्त्याचा पत्ता. बंदूक याच माणसाने बनवली असं धरून शोध तिथेच थांबवला जातो आणि किंमतही बहुधा त्या नावावरूनच ठरते. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. पट्टीवरचं नाव बंदूक कोणी विकली आणि तिची जबाबदारी कोणी घेतली एवढंच खात्रीने सांगतं. ती बनवली कोणी, हे कळायचं असेल तर नळ्या दस्त्यापासून उतरवून उलट्या कराव्या लागतात. गिऱ्हाइकाने पाहायचं नाव वर कोरलेलं असे, आणि धंद्यातल्या माणसांनी आपसात वाचायच्या खुणा खाली, झाकल्या जाणाऱ्या सपाट भागावर ठोकलेल्या असत.

असं का, ते एकोणिसाव्या शतकातल्या बर्मिंगहॅमकडे पाहिलं की कळतं. तिथल्या बंदूकवाल्यांच्या वस्तीत एकच माणूस अथपासून इतिपर्यंत बंदूक घडवत नसे. नळ्या ओढणारा एक, दस्ता बसवणारा दुसरा, नक्षी कोरणारा तिसरा. घोडा पाडणारी यंत्रणा, म्हणजे लॉक, अनेकदा वुल्व्हरहॅम्प्टन परिसरातून येई. तिथल्या ब्रेझर घराण्याची लॉक लंडनच्या नामांकित दुकानदारांच्या बंदुकांतही सापडतात. डब्ल्यू. अँड सी. स्कॉटसारख्या पेढ्या जवळपास तयार बंदुका इतर दुकानदारांना पुरवत आणि वर नाव त्या दुकानदाराचं पडे. इंग्लंडमधल्या लहान गावांतल्या कित्येक ‘गनमेकर’ मंडळींनी असाच माल विकला. कलकत्त्याच्या मँटन अँड कंपनी किंवा रॉडा या दुकानांची नावं असलेल्या बंदुकाही विलायतेत घडून आल्या होत्या. यात फसवणूक नव्हती, तो त्या धंद्याचा रिवाजच होता.

आता खालच्या खुणा. ब्रिटनमध्ये नळी विकण्याआधी जास्तीची दारू भरून तिची परीक्षा घेणं कायद्याने बंधनकारक होतं. लंडनची परीक्षा बंदूकवाल्यांच्या जुन्या संघाकडे होती, त्याची सनद 1637 ची. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह 1813 च्या कायद्याने उभं राहिलं. मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली जी आणि पी ही अक्षरं म्हणजे लंडन, तर मुकुटाखाली आडवे-तिडवे राजदंड म्हणजे बर्मिंगहॅम. शेजारी 12 किंवा 13 असा आकडा असतो. नळीच्या आतल्या मापाचे शिशाचे किती गोळे एका पौंडात बसतात, ते तो सांगतो. बाराची नळी 0.729 इंचाची, तेराची 0.710 इंचाची. तारखेसाठी हा भाग फारच उपयोगी पडतो. नळीच्या तोंडाशी छर्रे एकत्र ठेवण्यासाठी ती किंचित अरुंद केलेली असेल, तर 1875 नंतर बारा वर्षं ‘नॉट फॉर बॉल’ असा शिक्का मारत, कारण अशा नळीतून एकसंध गोळी मारणं धोक्याचं. 1887 पासून काडतूस बसण्याच्या जागेच्या मापाचा आकडा आणि सी हे अक्षर पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात येऊ लागलं. मुकुटाखाली एन आणि पी दिसले, तर ती परीक्षा 1904 ची किंवा नंतरची, आणि नळी धूररहित दारूसाठी तपासलेली.

यावर जाणकार म्हणेल की परीक्षेच्या खुणेवरून गाव कळतं, कारागीर नव्हे. बर्मिंगहॅमच्या काही कारखानदारांनी आपल्या नळ्या लंडनला तपासून घेतल्या, त्यामुळे गावाचीही पूर्ण खात्री देता येत नाही. दुरुस्तीनंतर नळ्या पुन्हा तपासल्या जात, मग तारीखही सरकते. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच एका खुणेवर विसंबू नये, सगळ्या खुणा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. पेटंटची खूण यात फार मदत करते, मात्र ती वाचतानाच सगळ्यात मोठी चूक होते. ‘पर्डी पेटंट’ असं दिसलं की बंदूक पर्डीची असा समज होतो. जेम्स पर्डी यांनी 1863 मध्ये नळ्या घट्ट धरणाऱ्या सरकत्या खिटीचं पेटंट घेतलं आणि इतरांना पैसे घेऊन ती वापरू दिली. अशा प्रत्येक वापराला क्रमांक मिळे. त्या काळी पेटंट चौदा वर्षं चाले, म्हणून पर्डीच्या पेटंटखाली क्रमांक असलेली बंदूक साधारण 1863 ते 1877 या काळातली असते, मग ती बनवणारा कोणीही असो. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या विल्यम अॅन्सन आणि जॉन डीली यांच्या 1875 च्या ‘बॉक्सलॉक’ यंत्रणेबाबतही हेच. पेटंट संपल्यावर ती यंत्रणा जवळपास सगळ्यांनी उचलली. ‘अॅन्सन अँड डीली’ हे त्या यंत्रणेचं नाव, पेढीचं नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पर्डी, बॉस, हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या नामांकित पेढ्यांच्या बाबतीत तरी नाव हीच ओळख नाही का? बहुतांशी आहे, पण तिथेही पुरावा नाव नसून क्रमांक असतो. नळ्या, मधला लोखंडी सांगाडा आणि नळ्यांखालचा लाकडी तुकडा या तिन्हींवर एकच क्रमांक असावा आणि तो पेढीच्या वहीतल्या नोंदीशी जुळावा. पेढीचं नाव कसं लिहिलंय हेही पाहावं: 1876 च्या आधी हॉलंड अँड हॉलंड हे नावच नव्हतं. नुसत्या नावावर भरवसा ठेवणाऱ्यांनी बेल्जियमच्या लिएज शहराचा माल आठवावा. तिथून प्रसिद्ध ब्रिटिश नावांत एखादं अक्षर बदलून कोरलेल्या बंदुका भरपूर निघाल्या. लंबगोलात ई, एल, जी आणि एक तारा दिसला की वर काहीही कोरलेलं असो, नळ्यांची परीक्षा लिएजला झालेली आहे.

एवढ्या खटाटोपाची गरज काय, असंही कोणी विचारेल. पहिलं कारण जिवाचं. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या सुंदर लहरींच्या डमास्कस नळ्या बहुधा काळ्या दारूसाठीच तपासलेल्या असत. आजच्या काडतुसाचा दाब त्यांना सोसेलच असं नाही, आणि हे पट्टीवरचं मोठं नाव कधीच सांगत नाही, खालचा शिक्काच सांगतो. दुसरं कारण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. नळ्यांच्या पोटाशी अनेकदा दोन-तीन बारीक आद्याक्षरं ठोकलेली असतात, ती नळ्या करणाऱ्याची किंवा सांगाडा बसवणाऱ्याची. काही अक्षरांमागची पूर्ण नावं अभ्यासकांनी जुन्या व्यापारी सूच्यांतून शोधून काढली आहेत. म्हणून बंदूक विकायला काढण्याआधी किंवा तिला पॉलिश करण्याआधी नळ्यांचा खालचा भाग तिरप्या उजेडात नीट टिपून घ्यावा. जोराने घासलं, तर सगळ्यात आधी तीच अक्षरं जातात.