नाभीचे कोडे

बी आधी की झाड आधी, हे कोडे आपल्याकडे लहान मुलांना घालतात आणि त्यावर मोठी माणसे हमरीतुमरीवर येतात. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात इंग्लंडमधील एका निसर्गशास्त्रज्ञाने याच कोड्यावर आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली. त्याचे नाव फिलिप हेन्री गॉस.

१८१० साली जन्मलेला गॉस विज्ञानाचा वैरी मुळीच नव्हता. समुद्रकाठच्या खडकांतील डबक्यांत उतरून त्याने वर्षानुवर्षे तेथील जीवांचे निरीक्षण केले. हे जीव काचेच्या हौदात जिवंत ठेवण्याची हौस इंग्लंडात पसरली, ती बरीचशी त्याच्या लेखनामुळे. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला तो त्याच्या १८५४ सालच्या पुस्तकाने. १८५६ साली रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. पण हाच गृहस्थ प्लिमथ ब्रदरेन या कडव्या ख्रिस्ती पंथाचा होता. बायबलातील अक्षर न् अक्षर त्याला खरे वाटे. सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली, हेही.

आणि भूगर्भशास्त्र तर वेगळेच सांगत होते. आर्चबिशप अशर याने सतराव्या शतकात बायबलच्या आधारे सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ साली झाला असे गणित मांडले होते. उलट खडकांचे थर साचण्यास अपार काळ लागला असला पाहिजे, असे चार्ल्स लायेलने १८३० नंतरच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिले. अनेक धर्मोपदेशकांनी ‘दिवस’ म्हणजे ‘युग’ असा अर्थ लावून वाट काढली. गॉसला ती पळवाट वाटली.

१८५७ च्या फेब्रुवारीत त्याची पत्नी एमिली कर्करोगाने वारली. त्याच वर्षी त्याचा ‘ऑम्फॅलॉस’ हा ग्रंथ निघाला. या ग्रीक शब्दाचा अर्थ नाभी. आदमला आई नव्हती. मग त्याला नाभी होती काय? होती, असे गॉसचे उत्तर. जीवन हे चक्र आहे. अंड्यातून कोंबडी, कोंबडीतून अंडे. निर्मात्याने हे चक्र कोठूनही सुरू केले, तरी मागच्या फेऱ्याच्या खुणा त्यात असणारच. या क्षणी निर्माण केलेल्या पूर्ण वाढलेल्या वृक्षाच्या खोडातही वर्षांची वलये हवीतच. त्याचप्रमाणे पृथ्वीही अश्मीभूत हाडांसकट, कधी न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा अंगावर घेऊनच निर्माण झाली!

हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, आणि तोच त्याचा दोष. कितीही पुरावे आणा, ‘तेही तसेच निर्माण झाले’ हे उत्तर तयार. विज्ञान आणि धर्म यांचा तंटा आपण मिटवला, असे गॉसला वाटत होते. परंतु शास्त्रज्ञ हसले आणि श्रद्धाळूंनीही पाठ फिरवली.

सर्वांत जिव्हारी लागले ते एका स्नेह्याचे पत्र. चार्ल्स किंग्जली हा कादंबरीकार आणि इंग्लंडच्या चर्चचा धर्मोपदेशक. गॉसच्या सागरी पुस्तकांचा तो चाहता होता. या ग्रंथाचे परीक्षण लिहिण्यास मात्र त्याने नकार दिला. ईश्वराने खडकांवर साऱ्या मानवजातीसाठी एक प्रचंड असत्य लिहून ठेवले, यावर आपला विश्वास बसू शकत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

दोन वर्षांनी, १८५९ साली, डार्विनने आपल्या ग्रंथाची प्रत किंग्जलीला धाडली. ज्या ईश्वराने स्वतः विकास पावू शकतील असे मूळ जीव घडवले, त्याची कल्पनाही तितकीच उदात्त आहे, असे किंग्जलीने कळवले. डार्विनने १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत हे मत, नाव न देता, नमूद केले.

दोघेही ख्रिस्ती, दोघेही श्रद्धावान आणि दोघांपुढे पुरावाही तोच. गॉसने ग्रंथातील शब्द राखण्यासाठी ईश्वराच्या सत्यवचनीपणावर घाला घातला. किंग्जलीने ईश्वर सत्यवचनी मानला, आणि म्हणून खडकांची साक्षही खरी धरली. श्रद्धेची कसोटी विज्ञानाने घेतली हे खरे. पण त्या कसोटीचा खरा प्रश्न पृथ्वीच्या वयाचा नव्हता. ते आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. आपण ज्याला भजतो तो आपल्याला फसवील काय, हा खरा प्रश्न होता.

गॉस पुन्हा आपल्या समुद्रपुष्पांकडे वळला. त्यांवरील त्याचा ग्रंथ १८६० मध्ये पुरा झाला. १८८८ साली तो वारला. त्याची श्रद्धा शेवटपर्यंत ढळली नाही. डोळ्यांनी पाहिले ते त्याने प्रामाणिकपणे टिपले. त्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे तेवढे त्याला साधले नाही.