बॉस्टन : लाल रेघेवरून उलटं

मे महिना लागला की बॉस्टनच्या लोगन विमानतळावर मराठी कानावर पडू लागतं. लेकीच्या नाही तर मुलाच्या पदवीदानाला आलेले आईवडील, बॅगेत भडंग-मेतकूट, आणि हाताशी समारंभाआधीचे जेमतेम दोन मोकळे दिवस. न्यू जर्सीकडची आपली मंडळी येतात तीही लाँग वीकेंड साधून, म्हणजे वेळ तेवढाच. मग रात्री जेवणाच्या टेबलावर यादी तयार होते : हार्वर्ड, एमआयटी, फेनवे, मत्स्यालय, व्हेल दाखवणारी बोट, सेलम, केप कॉड. यादी करणारा बहुधा घरातला सगळ्यात तरुण असतो आणि चालणारे साठीच्या पुढचे.

या यादीतलं निम्मं आधीच खोडावं. सेलम आणि केप कॉडला वेगळा दिवस लागतो. व्हेलची बोट अर्धा दिवस खाते आणि समुद्र खवळलेला असला तर पोटातलंही बाहेर काढते. उरलेल्या दोन दिवसांत बॉस्टन पाहायचं तर बंदराच्या अंगाने पाहावं, पायी पाहावं आणि गाडी भाड्याने घेण्याच्या भानगडीत पडू नये. १६३० साली वसलेलं हे गाव आहे. रस्ते वाकडेतिकडे, त्यातले निम्मे एकेरी, आणि पार्किंगचे दर पाहून घरी फोन करावासा वाटेल असे. उलट चालायला हे शहर सोयीचं. मधोमध असलेल्या बॉस्टन कॉमन या बागेपासून बंदरावरच्या लाँग व्हार्फपर्यंत रमतगमत गेलं तरी वीसेक मिनिटं लागतात. पाय थकले तर मेट्रो आहेच. अमेरिकेतला पहिला भुयारी रेल्वेमार्ग १८९७ साली इथेच, कॉमनच्या कडेला सुरू झाला.

विमानतळ बंदराच्या पलीकडच्या तीरावर आहे. तिथून गावात जायला ‘सिल्व्हर लाइन’ नावाची बस मिळते. ती बंदराखालच्या बोगद्यातून साउथ स्टेशनला सोडते आणि येताना तिला तिकीट नाही. टॅक्सीचा विचार मोठ्या बॅगा असल्या तरच करावा. न्यूयॉर्कहून रेल्वेने येणारेही याच स्टेशनवर उतरतात, आणि तिथून पाणी पाच-सात मिनिटांवर. मुक्काम मुलांच्या घरी नसेल तर दोन रात्रींपुरते चार पैसे जास्त मोजून मध्यवस्तीत राहावं. लांबच्या स्वस्त हॉटेलात वाचलेले पैसे जाण्यायेण्याच्या वेळात जातात. मात्र मे महिन्यात पदवीदान आणि ऑक्टोबरात पानगळीचे रंग, त्यामुळे दर चढलेले असतात. खोली महिनोन् महिने आधी धरावी. १ सप्टेंबरच्या आसपास तर येऊच नये. शहरातले बहुतेक भाडेकरार त्या दिवशी बदलतात, विद्यार्थी एकाच वेळी घरं हलवतात आणि फुटपाथवर गाद्या-सोफ्यांचे ढीग लागतात.

मुंबईकराला या शहराची घडण चटकन कळते, कारण तीही भरावाची आहे. मुळात हे एक लहानसं द्वीपकल्प होतं, चिंचोळ्या पट्टीने मुख्य भूमीला जोडलेलं. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत टेकड्या कापून, आगगाडीने खडी आणून खाड्या बुजवल्या. आज जिथे बॅक बे ही श्रीमंत वस्ती आहे, तिथे १८५० पर्यंत भरती-ओहोटीचा चिखल होता. तिथलं ट्रिनिटी चर्च आजही साडेचार हजार लाकडी खांबांवर उभं आहे आणि ते खांब कुजू नयेत म्हणून जमिनीखालच्या पाण्याची पातळी राखावी लागते. या भरावामुळेच गावाचा इतिहास पाण्यापासून तुटल्यासारखा वाटतो. १७७३ साली चहाच्या पेट्या ज्या धक्क्यावरून फेकल्या, त्या ग्रिफिन्स व्हार्फच्या जागी आता डांबरी रस्ता आहे. फॅन्युइल हॉल हा बाजार बांधला तेव्हा पाण्याच्या कडेला होता. आता तिथून समुद्र दिसतही नाही.

म्हणूनच सुरुवात पाण्यावरून करावी, असं माझं मत. बॉस्टनमध्ये ‘फ्रीडम ट्रेल’ म्हणून सुमारे चार किलोमीटरची वाट आहे; फुटपाथवर विटांची किंवा रंगाची लाल रेघ आखलेली, तिच्यावर सोळा ऐतिहासिक जागा. १९५१ साली विल्यम स्कोफिल्ड या पत्रकाराने ही कल्पना मांडली. नकाशा तुम्हाला बॉस्टन कॉमनपासून सुरू करून चार्ल्सटाउनला संपवायला सांगतो आणि सगळे तसंच करतात. तिथे पोचेपर्यंत दुपार कलते, गुडघे बोलू लागतात आणि समोर बंकर हिलच्या स्तंभाच्या २९४ पायऱ्या उभ्या असतात. लिफ्ट नाही. बरेच जण खालूनच फोटो काढून परततात.

तेव्हा रेघ उलटी चालावी. सकाळी लाँग व्हार्फवरून चार्ल्सटाउनच्या फेरीत बसायचं. ही नोकरदारांची रोजची बोट आहे, तिकीट चार डॉलरच्या आत, प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. वरच्या उघड्या डेकवर बसा, पण मे महिन्यातही अंगात विंडचीटर हवा. बंदरावरचा वारा ऊन आहे की नाही हे बघत नाही. बोट सुटली की पाठीमागे शहर उभं राहतं : काचेच्या इमारतींच्या पायाशी विटांची जुनी गोदामं, आणि डोक्यावरून एकामागून एक उतरणारी विमानं.

बोट जिथे लागते त्या जुन्या नौदल गोदीत ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ ही युद्धनौका आहे. १७९७ साली पाण्यात उतरलेली, तरंगत्या आणि सेवेत असलेल्या युद्धनौकांत जगात सगळ्यात जुनी. १८१२ च्या युद्धात तोफगोळे तिच्या ओकच्या फळ्यांवरून उसळून पडले म्हणून तिला ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ म्हणतात. अजून नौदलाच्या ताब्यात असल्यामुळे पासपोर्ट किंवा फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. ते हॉटेलात विसरणारे रोज भेटतात. खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं. तोफांच्या मध्ये टांगलेल्या झोळ्या इतक्या जवळजवळ की एकाने कूस बदलली की शेजाऱ्याला कळावं. आपल्या मुंबईच्या गोदीतल्या वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिन्कोमली’ (१८१७) अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

गोदीतून वर चढलं की बंकर हिल. १७ जून १७७५ ची ही लढाई खरं तर शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली आणि २२१ फुटांचा स्तंभही तिथेच आहे. नाव मात्र चुकीच्या टेकडीचं चिकटलं ते चिकटलंच. इंग्रज जिंकले, पण त्यांचे हजारावर सैनिक मेले किंवा जखमी झाले. चढायचं असेल तर वेळा आणि वार आधी पाहून घ्यावेत. गुडघे नको म्हणत असतील तर खालच्या हिरवळीवरून बंदर दिसतंच.

तिथून नदीवरच्या पुलाकडे उतरताना ट्यूडर व्हार्फ लागतो. लाल रेघेच्या माहितीपत्रकात त्याला फारशी जागा नाही, पण आपल्यासाठी या वाटेवरची हीच सगळ्यात जवळची जागा. फ्रेडरिक ट्यूडर हा बॉस्टनचा व्यापारी थंडीत गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापायचा, लाकडाच्या भुश्यात गुंडाळायचा आणि गरम देशांत विकायचा. पहिलं जहाज १८०६ साली मार्टिनिकला गेलं, तेव्हा गाव त्याला हसलं. १८३३ साली त्याचं जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. निघताना १८० टन बर्फ होता, पोचताना शंभरेक टन उरला. तरीही धंदा फायद्याचा ठरला, कारण भुसा गिरण्यांतला टाकाऊ माल होता आणि परदेशी जाणाऱ्या रिकाम्या जहाजांना वजन हवंच असायचं. लवकरच मुंबईच्या कोटातही बर्फघर उभं राहिलं. मद्रासचं बर्फघर तर अजून आहे. आज त्याला विवेकानंद इल्लम म्हणतात. यंत्राने बर्फ होऊ लागेपर्यंत मुंबईतल्या श्रीमंतांच्या पेल्यात मॅसॅच्युसेट्सची तळी विरघळत होती.

पूल ओलांडला की नॉर्थ एंड, इटालियन वस्ती. ओल्ड नॉर्थ चर्चच्या (१७२३) मनोऱ्यावर १८ एप्रिल १७७५ च्या रात्री दोन कंदील दिसले, म्हणजे इंग्रज फौज पाण्याच्या वाटेने निघाली असा इशारा. आणि पॉल रिव्हीअर घोड्यावर सुटला. त्याचं १६८० च्या सुमाराचं लाकडी घर जवळच आहे. दुपारचं जेवण इथे करावं, कारण शाकाहारी माणसाची बॉस्टनमध्ये खरी पंचाईत होते ती ‘स्थानिक’ पदार्थांत. क्लॅम चाउडरमध्ये शिंपल्यांबरोबर बहुधा डुकराचं मांस असतं. प्रसिद्ध बॉस्टन बेक्ड बीन्स दिसायला वालाच्या उसळीसारखे निरुपद्रवी, पण परंपरेने त्यातही तेच. नॉर्थ एंडात साधा चीज-टोमॅटोचा पिझ्झा पोटभर मिळतो. मग हॅनोव्हर स्ट्रीटवर कॅनोलीसाठी रांग लावावी; अंडं चालत नसेल तर आधी विचारावं. समुद्राकडच्या कमर्शियल स्ट्रीटवर १५ जानेवारी १९१९ ला काकवीची अवाढव्य टाकी फुटली आणि त्या लाटेत २१ माणसं गेली. तिथे एक छोटी पाटी आहे, एवढंच.

नॉर्थ एंडातून बाहेर पडताना हिरव्या पट्ट्याची बाग लागते. तिथे १९५९ पासून सहापदरी उन्नत महामार्ग होता, गाव आणि बंदर यांच्या मध्ये भिंतीसारखा. तो जमिनीखाली नेण्याचं ‘बिग डिग’ हे काम पंधरा-सोळा वर्षं चाललं, खर्च चौदा अब्ज डॉलरच्या वर गेला, शिव्याही तेवढ्याच पडल्या. आज त्या जागी पोरं कारंज्यात भिजतात.

फॅन्युइल हॉल आणि मागचं क्विन्सी मार्केट (१८२६) यांत खरेदीसाठी रेंगाळण्यासारखं मला काही दिसत नाही. स्वच्छतागृहासाठी मात्र जरूर थांबा. ही सोय वाटेवर फार ठिकाणी नाही, आणि त्या धास्तीने आपल्याकडच्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. पुढे गगनचुंबी इमारतींच्या बेचक्यात ओल्ड स्टेट हाउस, १७१३ चं. तळघरात चक्क मेट्रो स्टेशन. बाल्कनीखाली दगडांचं एक वर्तुळ आहे. ५ मार्च १७७० ला इंग्रज सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, पाच जण मेले, त्याची खूण.

इथे उभं राहून मराठी माणसाने तारखा जुळवून पाहाव्यात. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. १६ डिसेंबरला बॉस्टनकरांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या. चहा चीनचा, पण मालक तीच ईस्ट इंडिया कंपनी. कर्जात बुडालेल्या कंपनीला सावरायला पार्लमेंटने त्या एका वर्षात दोन कायदे केले. चहाच्या कायद्याने बॉस्टन पेटलं. दुसऱ्या, रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या हाताखाली घातलं. त्यामुळे मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी मुंबईकरांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने मानला नाही आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. त्याच मार्चच्या १७ तारखेला इंग्रज फौज जहाजांत बसून बॉस्टन सोडून गेली.

शेवटचा टप्पा भरभर होतो. कोपऱ्यावरच्या ओल्ड कॉर्नर बुकस्टोअरमध्ये पूर्वी टिकनॉर अँड फील्ड्स या प्रकाशकांचं ऑफिस होतं. थोरोचं ‘वॉल्डन’ १८५४ साली त्यांनीच काढलं. ट्यूडरची माणसं वॉल्डन तळ्यावर बर्फ कापताना थोरोने पाहिली होती, आणि आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्यात पितात असं त्याने त्या पुस्तकात लिहिलं आहे. आता त्या इमारतीत बरिटो मिळतात. पुढे सॅम्युअल ॲडम्स आणि रिव्हीअर यांच्या थडग्यांची ग्रॅनरी दफनभूमी, आणि मग १६३४ चं बॉस्टन कॉमन. पाय सोडून बसायला हिरवळ शेवटी येते, हाही उलट चालण्याचा एक फायदा. एक सांगायचं राहिलं : या वाटेवरचे विटांचे फुटपाथ झाडांच्या मुळांनी उचकटलेले आहेत. बूट घालावेत, नवे नकोत.

दुसरा दिवस मोकळा ठेवावा आणि हवेवर सोडावा. ऊन असेल तर लाँग व्हार्फवरून बंदरातल्या बेटांवर बोटी जातात, पण फक्त उन्हाळी हंगामात. स्पेक्टॅकल बेट हा एके काळी शहराचा उकिरडा होता. बिग डिगची माती टाकून त्याची टेकडी केली, आता तिथे लोक पोहतात. पोहता येतं हेच नवल. १९८० च्या दशकात हे अमेरिकेतल्या सर्वांत घाण बंदरांपैकी एक होतं. शेजारच्या क्विन्सी शहराचा वकील किनाऱ्यावर धावताना मैल्यात पाय पडला म्हणून कोर्टात गेला. केंद्रीय न्यायालयाने १९८५ नंतर वेळापत्रक आखून दिलं, पाण्याची बिलं भडकली, डियर आयलंडवर शुद्धीकरण केंद्र झालं आणि २००० साली समुद्राखालून पंधरा किलोमीटर लांबीचा विसर्ग बोगदा सुरू झाला. विमान उतरताना अंड्याच्या आकाराच्या बारा टाक्या दिसतात, त्या तिथल्याच. मिठी नदीकाठच्या माणसाने खिडकीची जागा मागून घ्यावी.

पाऊस असेल तर कॉप्ली चौकातलं सार्वजनिक ग्रंथालय (१८९५) गाठावं. प्रवेश फुकट, हिरव्या दिव्यांचं वाचनदालन, आणि बसायला हवी तेवढी जागा. नाही तर रेड लाइनने पंधरा मिनिटांच्या आत हार्वर्ड. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी इथे प्रा. लॅनमन यांच्याबरोबर ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनाला आले, आणि गोव्यात जन्मलेले त्यांचे चिरंजीव दामोदर १९२९ साली इथूनच पदवीधर झाले. मुलांनी जॉन हार्वर्डच्या पुतळ्याच्या बुटाला हात लावायचा आग्रह धरला तर लावू नये. रात्री विद्यार्थी त्यावर काय करतात ते त्यांनाच विचारावं.

संध्याकाळ मात्र बंदराच्या पलीकडे काढावी. ब्लू लाइनच्या ॲक्वेरियम स्टेशनवर बसलं की १९०४ च्या बोगद्यातून पुढचंच स्टेशन मॅव्हरिक. तिथून दहा मिनिटांवर पिअर्स पार्क : फुकट, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं, आणि समोर सगळं शहर. बॅगा सोबत असतील तर तिथून विमानतळ त्याच लाइनवर एका स्टेशनापुढे आहे, स्टेशनाबाहेर टर्मिनलला नेणारी फुकट बस उभी असते. सिल्व्हर लाइनने परत जाणार असाल तर लक्षात असू द्या, परतीच्या बाजूला तिकीट लागतं. बँकेचं कार्ड दारातल्या यंत्राला टेकवलं की झालं, पण माणशी एक कार्ड ठेवलेलं बरं.