रिकामा कोनाडा आणि उंबऱ्यावरचे पोर

दिवाळीचे चार दिवस आपल्या वस्तीतल्या लहान मुलांना जड जातात. ही गोष्ट आपण मोठी माणसे सहसा बोलत नाही. गावात घरोघर आकाशकंदील लागतात, पणत्या पेटतात आणि आपले पोर त्या उजेडाकडे पाहत उंबऱ्यावर बसते. दोन वर्षांपूर्वी पाथर्डी तालुक्यातील एका वस्तीवर आम्ही गेलो असता असेच एक सात-आठ वर्षांचे पोर भेटले. "आमच्यात दिवाळी नसते," असे त्याने आम्ही न विचारताच सांगून टाकले. त्याची आई चुलीपाशी होती. घरातली माणसे ऊसतोडीला जाणारी, टोळी दिवाळीनंतर निघणार होती. ती म्हणाली, "दादा, बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. लक्ष्मीपूजन मी करायची नाही. पण अंधारात बसा असं कोणत्या प्रतिज्ञेत लिहिलंय, तेवढं सांगा."

आम्हाला उत्तर सुचले नाही. सभेत भाषण करणे सोपे, या बाईला उत्तर देणे अवघड.

खरे तर आपल्या घराची सजावट एका रिकाम्या कोनाड्यापासून सुरू झाली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्यानंतर गावोगाव आपल्या माणसांनी घरातले देव बाहेर काढले. कोणी नदीत सोडले, कोणी विहिरीत. पुरुषमंडळी बैठकांना जात, चर्चा करत. पण घरातल्या बाईसमोर दिवसभर तो रिकामा कोनाडा असे. आमची आजी सांगे, पहिले काही महिने दिवेलागणीला पाय आपोआप तिकडे वळत आणि मग घर ओकेबोके वाटे. पुढे कोणीतरी बाबासाहेबांचा छापील फोटो आणला, तो पुठ्ठ्यावर चिकटवून कोनाड्यात ठेवला. मग तथागतांचा फोटो आला. आजीने रंगीत कागदाची माळ करून त्याला घातली. आजी म्हणे, "त्या दिवशी घर पुन्हा आपलं झालं." सजावट म्हणजे श्रीमंतांचा शौक असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम ऐकवतो.

आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे घर वर्षातले पाच-सहा महिने कुलूपबंद असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि कारखान्याचा पट्टा पडला की माणसे परततात. परतल्यावर पंधरा दिवसांत, कधी चार दिवसांतच, भीमजयंती येते. बंद घरात उंदरांनी माती उकरलेली, भिंतींचे पोपडे पडलेले. अंगात त्राण नसते. तरी बायका चुना भिजवतात, त्यात नीळ कालवतात आणि भिंतीला हात देतात. नीळ जरा जास्तच पडते, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्यापासून तो रंग आपला आहे. दार उघडून, भिंत सारवून, फोटोची काच पुसून झाली की दमलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी टवटवी येते, ती आम्ही पुष्कळ घरांत पाहिली आहे.

मग हीच टवटवी वर्षात एकदाच का? आपले दिवस काही थोडे नाहीत. १४ एप्रिल आहे, वैशाख पौर्णिमा आहे, अशोक विजयादशमी आहे. पण जयंतीचा सगळा उत्साह चौकात जातो. वर्गणी डीजेला, कमान चौकात आणि घराच्या दाराला साधे तोरण नाही. (डीजेबद्दल आमचे मत वाचकांना ठाऊक आहे, पुन्हा सांगत नाही.)

आता कंदिलाविषयी. दिवाळी हा मूळचा बौद्धांचा दीपदान उत्सव आहे असे काही बांधव म्हणतात, काहींना ते मान्य नाही. हा वाद चालू राहतो आणि पोर उंबऱ्यावर बसून राहते. कागदाचा कंदील कोणा एका धर्माच्या मालकीचा नाही, एवढे मात्र नक्की. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला बौद्ध कुटुंबे बांबूच्या कामट्यांवर पातळ कागद चिकटवून घरी कंदील करतात आणि दारोदार टांगतात. पंचरंगी धम्मध्वजसुद्धा तिकडचाच, १८८५ सालचा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारंगी हा त्याचा क्रम तोरणातही सांभाळावा, म्हणजे मुलांना तो आपोआप पाठ होतो.

आमची सूचना अशी, की अशोक विजयादशमीला कंदील घरी करावा आणि तो काढण्याची घाई करू नये. वीस दिवसांनी शेजाऱ्यांची दिवाळी येते, तेव्हा आपले घर अंधारात नसते आणि पूजाही केलेली नसते. शेजाऱ्याच्या दारातला उजेड पाहून आपणही खुशाल आनंद मानावा. चार ब्रह्मविहारांपैकी मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात सुख मानणेच.

साहित्य थोडेच लागते. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. आधी दोन चौकटी बांधून त्या उभ्या कामट्यांनी जोडाव्यात, मग कागद लावावा. खळ पातळ झाली तर कागद फाटतो, हे आमच्या घरी दोनदा झाले आहे. थर्मोकोलची मखरे नकोत, राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे. आत कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा, जुना पिवळा बल्ब तापतो. आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतला एक रुपयाही सजावटीवर घालू नये. उचल ऊस तोडून फेडावी लागते, रोषणाईने ती फिटत नाही.

हे सगळे त्या बाईला आम्ही गेल्या वर्षी जाऊन सांगितले. तिने ऐकून घेतले आणि कागद किती लागेल ते विचारले. अशोक विजयादशमीला पोराने बापाबरोबर कंदील केला, जरा वाकडाच झाला. त्या वर्षी टोळी दिवाळीआधीच निघाली. पोर कंदील सोडीना, म्हणून तोही भांड्याकुंड्यांबरोबर ट्रॅक्टरवर चढला. आम्हाला एकच भीती होती. कोपी पाचटाची, तिच्यात मेणबत्ती म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून निघताना बजावले, आत फक्त बॅटरी लावा.

दिवाळीत तिचा फोन आला. कारखान्यावर शेजारच्या कोपीतल्या पोरांनी कंदील पाहिला आणि कागद मागायला आली. दुकानातून कागद आणला, कामट्या तिथेच मिळाल्या. ओळीत चार कंदील झाले. "सहा डिसेंबरला मात्र लावायचा नाही, असं पोरानं स्वतःच ठरवलंय," ती म्हणाली. "पण दादा, बॅटरी रात्री उतरते आणि पहाटे फडात जाताना उजेडच राहत नाही. दुसरी घ्यावी लागणार."

दुसरी बॅटरी आम्ही पाठवून दिली.