टाकीतलं पेट्रोल आणि माहूरची वाट

"वैनी, गाडी काहून बंद पडली जी?" मागं बसलेल्या धाकट्या नणंदेनं विचारलं, तेव्हा पुसद मागं पडलं होतं आणि दिवेलागण झाली होती. इंझोरीहून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेल्या आम्ही दोघीच, अन् टाकी कोरडी! पेट्रोलची कळ रिझर्व्हवर करायला गेले, तर ती आधीपासून रिझर्व्हवरच. घरात कुणीतरी फिरवली होती, परत केलीच नव्हती. दूध घालून परतणाऱ्या एका दादांनी आपल्या गाडीतलं बाटलीभर पेट्रोल दिलं म्हणून निभावलं. घरी हे आजवर सांगितलेलं नाही.

तेव्हापासून हिशेब ठेवते. मैत्रिणींनो, किराण्याच्या हिशेबाहून सोपा आहे. टाकी फुल्ल करा, मीटरचा आकडा वहीत लिहा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा तितकीच फुल्ल. समजा, २४० किलोमीटरला ५ लिटर लागलं, तर ॲव्हरेज ४८. स्प्लेंडरच्या टाकीत ९.८ लिटर मावतं, म्हणजे कागदावर ४७० किलोमीटर. पण डबलसीट, सामान, घाट, समोरचा वारा यात बरंच जातं. मी साडेतीनशेच धरते आणि अडीचशे झाले की पंप शोधते. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना बहुधा ती कळच नसते. शिवाय इंजेक्शनचा पंप टाकीतल्या पेट्रोलनंच थंड राहतो, त्यामुळे टाकी कोरडी करणं महागात पडतं.

गाडी कोणती घ्यावी? पुरुषमंडळी बुलेटचंच नाव घेतात. क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची खरी, पण लिटरला ३५ धरले तर पल्ला ४५५, म्हणजे स्प्लेंडरहून कमीच! वजन मात्र १९५ किलो. स्प्लेंडरचं ११२ च्या आसपास. शोरूममध्ये लाजू नका. साडी नेसत असाल तर साडीतच बसून बघा. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ मध्ये नऊवारीत जगप्रवासाला निघाल्या होत्या! दोन्ही पाय टेकतात का, एकटीनं मागं ढकलता येते का, हे पाहा.

लडाखच्या वाटेवर तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक प्रसिद्ध होता. आपल्याकडं इतकी वेळ येत नाही. समृद्धी महामार्ग कारंज्यावरून जातो, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. आपण आपल्या जुन्याच रस्त्यानं जायचं.

यंदा पुन्हा माहूरला निघालोय. नणंद म्हणते, "आधी ते कळ दाखवा जी."