साध्या वेशातला पोलीस: कोट, पिस्तूल आणि ओळखपत्र

आमच्या कटंगीत सूट दिसतो तो लग्नसराईत. नवरदेव, त्याचे दोन-चार मित्र आणि एखादे हौशी मामा, बस्स. बाकी वर्षभर कोट कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कोटाचे नाव काढले तरी घाम फुटतो. त्यामुळे टीव्हीवर कोट घालून, आत पिस्तूल लपवून फिरणारे सीआयडीवाले पाहिले की घरातली मुले विचारतात, खरे पोलीस असेच असतात का? मंडळाच्या बैठकीतही हा विषय दोनदा निघाला, पण वेगळ्या कारणाने. 'आम्ही सीआयडीचे' म्हणत वयस्क बायकांचे दागिने उतरवून घेणाऱ्या भामट्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत सतत येतात. म्हणून या विषयाची जरा नीट माहिती द्यावी असे वाटले.

आपल्या पिढीच्या डोक्यातला गुप्तहेर बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांतून आला. झुंजार, धनंजय आणि छोटू ही नावे ज्यांनी वाचनालयात रांग लावून वाचली त्यांना वेगळे सांगायला नको. नंतरच्या पिढीला १९९८ साली सुरू झालेल्या 'सीआयडी' मालिकेतले एसीपी प्रद्युम्न भेटले. ती भूमिका करणारे शिवाजी साटम अभिनयात येण्यापूर्वी बँकेत कॅशियर होते, हे आम्हा बँकवाल्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे हिंदीत 'सादी वर्दी में पुलिस' म्हणतात. वर्दी म्हणजेच गणवेश, मग ती सादी कशी, असा प्रश्न व्याकरणवाल्यांना पडेल. पण शब्दात गंमत आहे. साधा वेश हाही एक वेशच असतो. तो निवडावा लागतो, आणि निवडताना एकच कसोटी असते: आजूबाजूचे लोक जे घालतात तेच घालायचे. लंडनमध्ये १८४२ साली पोलिसांची पहिली गुप्तहेर शाखा निघाली तेव्हा तिच्यात दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट, अशी जेमतेम आठ माणसे होती. त्यांनी लंडनच्या मध्यमवर्गासारखा कोट घातला, कारण तिथे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कोटातच होता. अमेरिकेत हूवर साहेबांच्या एफबीआयने गडद सूट आणि पांढरा शर्ट हा जणू नियमच केला. त्यांच्या अधिकाऱ्यांना शस्त्र बाळगण्याचा आणि अटक करण्याचा कायदेशीर अधिकार मात्र १९३४ साली मिळाला. सिनेमातला सूट आणि पिस्तूल ही जोडी तिथून आली. ती जशीच्या तशी बालाघाटच्या बसस्थानकावर उभी केली तर दहा मिनिटांत पोरे भोवती गोळा होतील.

आपल्याकडे हे काम जुनेच आहे. १८५७ च्या धामधुमीत मुंबईचे पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट वेश पालटून शहरात फिरत. इथल्या भाषा त्यांना इथल्या माणसासारख्याच येत. ते इंग्रजांच्या बाजूचे, त्यामुळे त्यांचे गुणगान करण्याचे आपल्याला कारण नाही. पण वेशापेक्षा बोली महत्त्वाची, हे त्यांना नक्की कळले होते.

मग भारतात सूटची जागा कोणी घेतली? आमच्या मते सफारीने. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बँकेत, तहसिलीत, शाळेत सगळीकडे सफारी सूट होता. आम्हीही तो घातला आहे. सफारीचा वरचा भाग पँटमध्ये खोचायचा नसतो, तो कमरेच्या खाली येतो आणि जरा सैल असतो. त्यामुळे कमरेला लावलेले शस्त्र त्याखाली सहज झाकले जाते, आणि कोटासारखा उकाडाही होत नाही. मंत्र्यांच्या मागे उभे असलेले अंगरक्षक इतकी वर्षे सफारीतच का दिसले, त्याचे एक कारण हे असावे. आता खुद्द लोकांनीच सफारी सोडला, त्यामुळे सफारीतला धडधाकट माणूस दिसला की लहान पोरसुद्धा ओळखते. आज साध्या वेशातला पोलीस बहुधा जीन्स आणि बाहेर सोडलेला शर्ट अशाच वेशात असतो.

आता शस्त्राकडे वळू. पिस्तूल काय किंवा रिव्हॉल्व्हर काय, वजन साधारण पाऊण ते एक किलो. एक किलो साखरेची पिशवी कोटाच्या एका खिशात टाकून आरशासमोर उभे राहून पाहा, कोट त्या बाजूला लोंबतो. म्हणून शस्त्र कधी खिशात ठेवत नाहीत. ते पट्ट्याला लावलेल्या होल्स्टरमध्ये, उजव्या हाताच्या माणसाच्या उजव्या खुब्याच्या थोडे मागे बसते. त्यासाठी पट्टा जाड आणि कडक लागतो, नाहीतर पँटच खाली येते. दुसरी पद्धत म्हणजे खांद्यावरून पट्टे घेऊन काखेखाली लावायचे होल्स्टर. सिनेमात हेच दिसते. त्यात शस्त्र काढताना हात छातीवरून आडवा न्यावा लागतो आणि कोट अंगावरून काढण्याची सोय उरत नाही. उन्हाळ्यात बंद खोलीत सगळ्यांनी कोट काढून खुर्चीला लावले आणि एकटाच घामाघूम होऊन कोटात बसला, तर शहाण्या गुन्हेगाराला तेवढे पुरते.

ज्यांना कामासाठी खरोखरच सूट घालावा लागतो, म्हणजे मोठ्या हॉटेलात किंवा परदेशी पाहुण्यांबरोबर, त्यांचा कोट शिंपी कमरेला आणि छातीला थोडा सैल ठेवतो. कापड पातळ घेतले तर आतल्या वस्तूचा आकार उमटतो, म्हणून ते जरा जाड घेतात. मागची फट असली तर हात पटकन आत जातो, आणि समोरची बटणे उघडी ठेवतात. रिव्हॉल्व्हरचे चक्र जाड असते, त्यामुळे ते झाकायला पिस्तुलापेक्षा अवघड. अस्तर आतून घासून फाटते ते वेगळेच. गणवेशात असताना रिव्हॉल्व्हरला खांद्यावरून आलेली दोरी बांधलेली असते, झटापटीत कोणी हिसकावू नये म्हणून. साध्या वेशात ती दोरी लावता येत नाही. गर्दीत शस्त्र घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हा एक जादा धोका सतत सांभाळावा लागतो.

बँकेच्या दारावरचा पहारेकरी आठवा. त्याची बंदूक दिसावी म्हणूनच असते. ती पाहून चोराने माघारी जावे. साध्या वेशातल्या पोलिसाचे शस्त्र नेमके उलटे, शेवटच्या क्षणापर्यंत दिसता कामा नये. मात्र हिशेबाच्या बाबतीत दोन्हीकडे सारखीच शिस्त. आमच्याकडे तिजोरीच्या किल्ल्यांची नोंदवही असते, तशी पोलिसांकडे शस्त्रांची. कोणाला कोणत्या क्रमांकाचे शस्त्र दिले, किती काडतुसे दिली, किती परत आली, सगळे लिहिलेले. एक काडतूस कमी भरले तरी जाब द्यावा लागतो. कामगिरीवर निघाल्याची नोंद ठाण्याच्या रोजनामच्यात होते.

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते याचे आपल्या माहितीतले उत्तम उदाहरण म्हणजे मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे. चार्ल्स शोभराजला त्यांनी दोनदा पकडले. पहिल्यांदा नोव्हेंबर १९७१ मध्ये, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलपाशी. त्या वेळी उंची सूट घालून, जवळ रिव्हॉल्व्हर बाळगून फिरणारा माणूस पोलीस नव्हता, तो शोभराज होता. सूटचे खरे काम तोच करून घेत होता: हॉटेलातला दरवान सलाम ठोकतो, कोणी अडवत नाही.

पुढे तो सुटला, पुन्हा दिल्लीत पकडला गेला, आणि मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीचे पदार्थ खाऊ घालून तिहार तुरुंगातून पळाला. झेंडे आपल्या साथीदारांसह साध्या वेशात गोव्यात पोचले. ६ एप्रिल १९८६ च्या रात्री पर्वरीच्या 'ओ कोकेरो' या हॉटेलात ते गिऱ्हाइकासारखे बसून राहिले, आणि शोभराज आल्यावर त्याला जागीच धरले. बेड्या जवळ नव्हत्या, म्हणून हॉटेलातूनच दोरी मागून त्याला बांधले. त्या हॉटेलात पुढे शोभराजचा पुतळा बसवला गेला, पकडणाऱ्याचा नाही. लोकांची नजर कुठे जाते ते यावरून कळते. अलीकडे, २०२५ साली, चिन्मय मांडलेकर यांनी 'इन्स्पेक्टर झेंडे' हा चित्रपट केला, तेव्हा कुठे नव्या मुलांना हे नाव कळले.

याच्याच दुसऱ्या टोकाची हकीकत वर्षभराने, त्याच मुंबईत घडली. १७ मार्च १९८७ रोजी एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात आली: गुप्तचर अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी पदांसाठी तडफदार पदवीधर हवेत. दुसऱ्या दिवशी ताज हॉटेलात मुलाखती झाल्या. मोहनसिंग असे नाव सांगणाऱ्या माणसाने २६ जण निवडले. १९ मार्चला दुपारी त्यांना बसमध्ये घालून ऑपेरा हाऊसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेले. हा सरावाचा छापा आहे, असे त्या बिचाऱ्यांना सांगितले होते. पेढीत शिरताच त्याने झडतीचे वॉरंट दाखवले, कॅमेरे बंद करायला लावले, फोन घेऊ नका म्हणाला, आणि मालकांना त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर जमा करायला सांगितले. तेही त्यांनी केले. तपासणीचे नमुने म्हणून दागिने पिशव्यांत भरून, मोहोर लावून, तो दुसऱ्या छाप्याकडे बघून येतो असे सांगून निघून गेला. सुमारे ३० ते ३५ लाखांचा ऐवज होता. पोलीस आले तेव्हा २६ जण दुकानात इमानेइतबारे पहारा देत होते. तो माणूस आजतागायत सापडलेला नाही. 'स्पेशल २६' हा २०१३ चा हिंदी चित्रपट यावरूनच सुचला.

ती पेढी काही अडाणी लोकांची नव्हती. पण रुबाबदार माणूस, कागदावर शिक्का आणि करडा आवाज एकत्र आला की आपण आधी उठून उभे राहतो आणि मग विचार करतो. गावाकडे तर जास्तच. दागिने उतरवणारे भामटे हेच जाणतात. 'मावशी, पुढे खून झाला आहे, तपासणी चालू आहे, सोने रुमालात बांधून ठेवा,' असे म्हणतात, स्वतः बांधून देतात, आणि घरी येऊन रुमाल सोडला की आत खडे निघतात. खऱ्या पोलिसाला कोणाच्या बांगड्या रुमालात बांधायच्या नसतात, एवढे घरातल्या आजीला आज संध्याकाळीच सांगून ठेवावे.

कायदा इथे आपल्या बाजूचा आहे, फक्त तो माहीत हवा. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटक करणाऱ्या पोलिसासाठी नियम घालून दिले. ते आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहेत. अटक करणाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा पंचनामा करून त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी लागते. साधा वेश असला म्हणून यातून सुटका नाही. वेश लपवायला परवानगी आहे, ओळख लपवून अटक करायला नाही. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी एरवी अटक करता येत नाही. अगदीच अपवादाचा प्रसंग असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पोलीस असल्याचे सोंग आणून त्या नावावर काही करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

खाजगी गुप्तहेरांबद्दलही बरेच जण विचारतात, विशेषतः लग्न जुळवताना. अशा संस्थांवर नियंत्रण आणणारे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे खाजगी गुप्तहेर तुमच्या-आमच्यासारखाच नागरिक. त्याला धंद्याच्या नावावर पिस्तूल मिळत नाही. हवे असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली इतरांसारखा अर्ज करून परवाना घ्यायचा. तो घरात शिरून झडती घेऊ लागला तर सरळ हाकलावा.

मग दारात साध्या कपड्यांतला माणूस येऊन पोलीस म्हणाला तर? वाद घालू नये आणि झटापट तर मुळीच करू नये. तो खरा असला तर त्याच्याजवळ भरलेले शस्त्र असू शकते, आणि खोटा असला तरी असू शकते. हात दिसतील असे ठेवावे. ओळखपत्र मागावे, आणि ते नुसते पाहू नये, वाचावे: नाव, हुद्दा, ठाणे. मग त्याने दिलेल्या नंबरावर नाही, तर स्वतःच्या फोनवरून ११२ लावावा किंवा कटंगी ठाण्यात विचारावे की या नावाचे साहेब आमच्या घरी आले आहेत का. शेजाऱ्याला हाक मारावी. पंचनाम्याला साक्षीदार लागतोच. खरा अधिकारी या पाच मिनिटांनी रागावत नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून 'डिजिटल अटक' करणारा दिसला तर मात्र ओळखपत्रही मागू नये, तसली अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवावा आणि १९३० वर कळवावे.