तेच गाणं, दुसरा गळा

जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ‘व्हर्जन’ कॅसेटींचा धंदा १९८०च्या दशकात फोफावला. चाल तीच, शब्द तेच, वाद्यमेळही मूळ रेकॉर्ड ऐकून ऐकून जुळवलेला. गळा तेवढा दुसरा. रफी, मुकेश, किशोरकुमार, लता यांची गाजलेली गाणी नव्याने गाऊन घ्यायची आणि स्वस्तात विकायची, असा सरळ व्यवहार. त्यात आघाडीवर होती गुलशनकुमार यांची सुपर कॅसेट्स, म्हणजेच टी-सीरिज.

या धंद्याला दोन गोष्टींनी हात दिला. जुन्या गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणं बहुतांशी ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे लोकांच्या ‘एचएमव्ही’च्या ताब्यात होती, पण कॅसेटमुळे एकाएकी वाढलेली मागणी तिला पुरी करता येत नव्हती. दुसरी गोष्ट कायद्यातली. गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. मूळ मुद्रणाची नक्कल काढून विकली तर ती चोरी. पण तेच गाणं दुसऱ्याने गायलं तर? १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमात त्याला वाट होती : हक्कधारकाला आगाऊ नोटीस द्यायची, ठरलेली रॉयल्टी भरायची आणि रेकॉर्ड काढायची. मात्र गाण्यात गरजेपलीकडे फेरफार करायचा नाही, अशी अट होती.

ही अट महत्त्वाची. ओटिस रेडिंगने १९६५ साली गायलेलं ‘रिस्पेक्ट’ दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिनने गायलं ते पार बदलून. पुरुषाच्या तोंडचं गाणं बाईचं झालं आणि आज ते तिच्याच नावाने ओळखलं जातं. आपल्याकडे कायद्यालाही तसं नको होतं आणि गिऱ्हाइकालाही. त्याला हवी होती रफीसाहेबांची आठवण, तीही खरखर नसलेल्या स्टिरिओत. त्यामुळे गायकाचं कसब जोखलं जाई ते मूळ आवाजाच्या किती जवळ जाता येतं यावरून.

तरी या कॅसेटींनी गायक घडवले, हे मान्य करावं लागेल. कुमार सानू किशोरकुमारांची गाणी गात पुढे आले आणि १९९०च्या ‘आशिकी’ने स्वतःच्या नावावर उभे राहिले. सोनू निगम यांची ओळख ‘रफी की यादें’मधून झाली. लताबाईंची गाणी टी-सीरिजसाठी अनुराधा पौडवाल यांनी गायली. पण त्या तेव्हा नवख्या नव्हत्या, १९७३च्या ‘अभिमान’पासून चित्रपटांत गात होत्या.

खरी भांडणं झाली ती वेष्टनावरून. ‘हम आपके हैं कौन’च्या गाण्यांची व्हर्जन कॅसेट निघाली तेव्हा एचएमव्हीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. दुकानात काचेपलीकडून कॅसेट दाखवली जाई. गिऱ्हाईक चित्रपटाचं नाव वाचे आणि पैसे देई, आत कोण गायलंय हे घरी गेल्यावर कळे. हे गाणं मूळ चित्रपटातलं नसून दुसऱ्या गायकांचं आहे, हे ठळकपणे छापलं पाहिजे, असं न्यायालयाने १९९५ साली बजावलं.

पुढे २०१२च्या दुरुस्तीने जुनी वाट बंद करून ‘३१सी’ हे नवं कलम आणलं. मूळ रेकॉर्ड निघाली त्या वर्षाअखेरपासून पाच वर्षं थांबायचं, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, वेष्टनावर ‘कव्हर व्हर्जन’ असं लिहायचं आणि मूळ गायकाचं नाव किंवा चित्र कुठेही वापरायचं नाही. एवढ्या अटींत स्वस्त माल काढणं कोणालाच परवडणारं नव्हतं. शिवाय तोवर कॅसेट संपली होती आणि मूळ गाणी इंटरनेटवर सहज मिळू लागली होती. २००० साली ‘सारेगामा’ हे नाव घेतलेल्या ग्रामोफोन कंपनीने २०१७ मध्ये ‘कारवां’ हा रेडिओसारखा खोका बाजारात आणला : आत ५,००० जुनी गाणी, सगळी मूळ आवाजांत.